स्मशानवाटेवरची मोहरी

भिला पाटलाच्या घरात मोहरीची दोन मडकी असत. एक चुलीजवळच्या फळीवर, रोजच्या फोडणीचं. दुसरं मागच्या पडवीत, कणगीच्या आड, तोंडाला फडकं बांधून ठेवलेलं. त्या दुसऱ्या मडक्यातला दाणा कधी तेलात पडला नाही. भिलाची बायको रेवाबाई सून होऊन आली तेव्हा सासूने तिला घर दाखवताना आधी देव दाखवले, मग पाण्याची जागा, आणि मग हे मडकं. म्हणाली, "हाई आपलं नई शे. हाई गावनं शे."

गाव म्हणजे रांझणखेडं. शहादे तालुक्यात, कळसाडीच्या पुढे, नदीकाठी. काळ्या जमिनीचं, कपाशी-ज्वारीचं. पाटील आळी, मारवाड्याचं एक दुकान, सुताराचं घर आणि टोकाला भिलाटी. पोलीस पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची नोंद पाटलाने सरकारी वहीत करायची आणि ती वही वरचा साहेब आला की पुढे ठेवायची, हे ओघाने आलंच.

मडक्याची रीत अशी होती. बाई ओली बाळंतीण असताना गेली, तर तिचा जीव लेकरात अडकून राहतो. ती लेकरासाठी घरी परत यायला बघते. म्हणून तिला पोचवून येणारी माणसं नदीपासून गावाच्या शिवेपर्यंत आपल्या मागे मोहरी टाकत येतात. दाणा न्‌ दाणा वेचल्याशिवाय तिला पाऊल पुढे टाकता येत नाही. वेचता वेचता कोंबडा आरवतो आणि ती बिचारी माघारी वळते. मात्र ही मोहरी तिच्या घरची चालत नाही. आपल्या हाताने पाखडलेला दाणा ती ओळखते आणि ओलांडून येते. म्हणून मोहरी पाटलाच्या घरची.

असं काही झालं की गावचा राखणदार उखा जागल्या मागच्या दाराशी येऊन उभा राही. त्याने सांगायचं नाही, हिने विचारायचं नाही. नाव तर मुळीच घ्यायचं नाही. नाव घेतलं की ती ओ देते. उखा उपरण्याची झोळी पुढे करी. रेवाबाई तोंड फिरवून डाव्या हाताने मोहरी घाली. मग डोक्यावरून पाणी घेई, देव्हाऱ्यातल्या कानबाईच्या नारळापुढे दिवा लावी आणि म्हणे, "माय, तुन्हा पदरमा ले तिले." ती कोण, हे कानबाईला ठाऊक असे. रेवाबाईलाही असे; एवढ्याशा गावात कुणाच्या घरी काय झालं ते लपतं थोडंच. पण दिवा लावला की तो विषय देवापाशी गेला असं ती धरून चाले. एकीचं मरण तिने दुसरीच्या मरणाशेजारी कधी ठेवून पाहिलं नव्हतं.

रेवाबाई तशी देवाधर्माची. एकादशी कधी चुकवली नाही. पर्वणीला प्रकाशा गावी जाऊन तापीत बुडी मारायची, मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्ताला. श्रावणात कानबाईचे रोट तिच्या हातचे, दुसरी कुणी शिवलेली तिला खपत नसे. जीभ मात्र तिखट. नवऱ्याशी बोलताना पदर डोक्यावर असे, पण शब्दाला पदर नसे, असं आळीतल्या बायका हसून म्हणत. तिला द्वारका ही एकच मुलगी जगली. द्वारकेच्या आधी दोन मुलगे झाले होते. पहिला पाचवी पुजण्याआधीच गेला. दुसऱ्याच्या बारशाचे गहूसुद्धा निवडून झाले होते. आत्याने नाव ठरवलं होतं, ते तिच्या ओठांवरच राहिलं. त्या दोघांचं रेवाबाई कुणाजवळ बोलत नसे. कानबाईजवळसुद्धा नाही.

एकोणीसशे छत्तीस सालची ही गोष्ट. मार्गशीर्ष लागला आणि द्वारका पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. आली ती पाय टाकता येईनात अशी. पायांवर बोट दाबलं की खळगा पडे आणि तसाच राही. डोकं दुखतं म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून राही. भिलाटीतली मोतीबाई म्हणजे गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. ती आली, पोटावरून हात फिरवला, आणि नेहमीची थट्टा विसरून गप्प बसली.

"काय वं, बोलत का नई?" रेवाबाईने विचारलं.

"पोर आडवं शे, पाटीलबाई. फिरवसू, ते माले येस. पन पायनी हाई सूज माले आवडत नई." मोतीबाईने हात धुतले. "मन्हा हातमा जितलं शे तितलं मी करसू. बाकी देवले विचार, तुन्हं त्यानं बरं जमस."

त्यावर हसायला हवं होतं. दोघी हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याचे साहेब गावाला आले. नदीकाठच्या आंब्यांखाली तंबू ठोकला. दिवसभर चावडीत बसून त्यांनी पाटलाची वही चाळली आणि दुपारी जेवायला पाटलाच्या ओसरीवर आले. माणूस वाईट नव्हता. भाकरी चुरून खात होता आणि ठेचा लागला म्हणून डोळे पुसत होता. आत चुलीपाशी रेवाबाई. मध्ये नुसती भिंत.

"पाटील, सबंध तालुक्यात असं गाव पाहिलं नाही," साहेब म्हणाले. "बाळंतपणात दगावलेल्या बायकांचा रकाना तुमच्याकडे कोरा. मागच्या साहेबांच्या वेळी कोरा, त्यांच्याही आधी कोरा. तान्ही मुलंही इतर गावांच्या मानाने कितीतरी कमी. काय करता काय तुम्ही?"

पाटलाने मिशी पुसली. "देवनी कृपा, सायेब."

"चांगली आहे कृपा. जिल्हा बोर्डाने शिकलेली नर्स दिली आहे या भागाला. एकच, आणि मागणारी गावं पुष्कळ. मी इथे द्यायचं म्हणत होतो, गाव मध्यावर आहे. पण जिथे बायका मरतच नाहीत तिथे तिला बसवून काय करू? पलीकडच्या अंगाला देतो. तुमच्यासाठी मात्र मानाच्या फेट्याची शिफारस वर पाठवतो."

रेवाबाईच्या तव्यावर भाकरी होती. ती उलटायची राहिली. करपल्याचा वास ओसरीवर गेला, साहेबांनी नाक मुरडलं, तरी तिच्या लक्षात येईना. ती आपल्या डाव्या हाताकडे बघत बसली होती. बायका मरतच नाहीत. हे कुठल्या गावाचं बोलतायत? क्षणभर तिला खरंच वाटलं की साहेबांनी दुसऱ्याच गावची वही उघडली असेल.

साहेब तंबूवर गेले. पाटील ओसरीवर आडवा होत होता, तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली.

"द्वारकाना बाप, सायेब कोनता गावनं बोली ऱ्हायना व्हता?"

"आपलाच. दुसरा कोनता?"

"मंग सुतारनी सून कसामा गयी?"

पाटलाने डोळे मिटले. "तापमा."

"न्‌ सुमेरमलनी थोरली सून?"

"तापमा."

"न्‌ आपला उखानी बहीण?"

"तिले बी तापच व्हता. आंग तवासारखं तपेल व्हतं, हाई तूच माले सांगं व्हतं." तो उठून बसला. "मी काय खोटं लिखं? ताप व्हता, ताप लिखा."

आणि हे खरंच होतं. भिला पाटील खोटं लिहिणारा माणूस नव्हता. त्याच्या बापाने असंच लिहिलं होतं, त्याच्या बापानेही. बाळंतिणीच्या रकान्यात बाईचं नाव घालायचं म्हणजे दर वर्षी कुणीतरी साहेब येणार, चावडीत मोठ्याने वाचणार, भर दिवसा तिला हाक मारणार. मग नदीच्या वाटेवरची मोहरी काय कामाची? आणि जिच्या घरात ओली बाळंतीण गेली त्या घराला नंतर कोण मुलगी देतं? पाटलाने त्यांच्यावर मायाच केली होती. ताप सगळ्यांना येतो. तापाला कुणी नावं ठेवत नाही.

रेवाबाईला हे सगळं कळत होतं. तिला कळत नव्हतं ते एवढंच, की इतक्या जणी गेल्या आणि सरकारदरबारी कुणीच गेलं नाही. तिच्या मनात एकदम दुसरंच आलं. ते विचारताना तिचा आवाज अगदी खाली गेला.

"न्‌ आपला दोन्ही? त्या कसामा लिख्यात?"

"आपला दोन्ही काय?"

"आपला पोऱ्या."

 बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. मग पाटील म्हणाला, "त्यासले नाव नई व्हतं. नावना रकानामा काय लिखू मी? नाव नई म्हनीसन जन्म नई लिखा. जन्म नई, तर मरन कसं लिखू?"

ती खाली बसली. बसली म्हणजे उंबऱ्याला धरून टेकली. आजवर तिची समजूत होती की गावात कुणी त्या दोघांची आठवण काढो न काढो, धुळ्याला जिल्ह्याच्या कचेरीत जाणाऱ्या त्या जाड वहीत, सरकारच्या कुलपात, ते दोघे आहेत. एक ओळ पहिल्याची, एक ओळ दुसऱ्याची. बापाच्याच हाताने लिहिलेली. एवढाच तिचा आधार होता, आणि तो होता हे तिला तो गेल्यावर कळलं.

मग पदर सारखा करून ती म्हणाली, "सायेबले सांगा. आजच सांगा."

"काय सांगू? इतला साल लपाडी ऱ्हायनू असं? पाटीलकी जाई ती जाऊ दे. सुतारना घरमा, सुमेरमलना घरमा पोर कोन दी?"

"द्वारकाना पाय देखात का तुम्ही?"

पाटलाने पाय पाहिले होते. तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

सकाळी रेवाबाई दारात सडा घालत होती. ओट्यावर माणसं जमली होती, साहेब निघणार म्हणून निरोप द्यायला. दुकानदार सुमेरमल दातण चावत होता, उखा काठीला टेकून उभा होता. साहेब नदीवरून फिरून आले ते प्रसन्न चेहऱ्याने.

"पाटील, नदीकडच्या त्या वाटेवर मोहरी काय फुललीय हो. पिवळीधमक. शेत नाही, बांध नाही, कुणी पेरली?"

 सुमेरमलच्या तोंडातलं दातण थांबलं. उखा आपल्या पायांच्या बोटांकडे बघू लागला. माणसं अशी उभी राहिली, जणू कुणी विचारलंय की तुमच्यापैकी चोर कोण.

"पाखरं टाकतस, सायेब," पाटील म्हणाला.

साहेब हसले. "फार शिस्तीची दिसतात तुमची पाखरं. वाट सोडून एक दाणा टाकला नाही."

रेवाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मोहरी फुलली आहे? तिने जी मोहरी दिली ती वाटेवर टाकली, इथपर्यंतच तिला ठाऊक. टाकलेल्या दाण्याचं पुढे काय होतं, हे तिने कधी मनातच आणलं नव्हतं, जिने उभा जन्म शेतकऱ्याच्या घरात काढला तिने. बाईमाणसाने त्या वाटेला जायचं नसतं. पुरुष जात, बघत, येत, आणि घरी येऊन त्यातलं अवाक्षर बोलत नसत.

तिने तांब्या ठेवला. आत जाऊन कानबाईला हात जोडले आणि मागच्या दाराने, भिलाटीला वळसा घालून ती नदीच्या वाटेला लागली. कुणी पाहिलं असतं तर पाटलीण खुळी झाली म्हणून बोंब झाली असती.

वाट शिवेच्या निंबापासून खाली उतरते. वळणावर येऊन रेवाबाई थांबली, आणि तिला पुढे जाववेना.

दोन्ही अंगांनी मोहरी. निंबापासून थेट पाण्यापर्यंत, कमरेइतकी, पिवळी. कुठे दाट, कुठे विरळ, पण तुटलेली कुठे नाही. या वाटेवर कुणी गुरं घालत नाही, कुणी भाजीला पान खुडत नाही, म्हणून पावसाला उगवायची, फुलायची, शेंगा वाळून पुन्हा तिथेच सांडायची. त्यावर नवी मूठ पडायची. सासूच्या हातचीही असेल यात, आणि तिच्याही सासूच्या. सकाळच्या उन्हात मधमाश्या घोंघावत होत्या. लग्नघरासारखं दिसत होतं ते. रेवाबाईच्या अंगावर काटा आला तो त्यामुळेच.

तिने आजवर एक मूठ आणि एक बाई अशीच जोडी मनात ठेवली होती. सगळ्या मुठी एकत्र तिने कधी पाहिल्या नव्हत्या. आणि मग तिला त्या बायकांचं सुचलं. दाणा न्‌ दाणा वेचल्याशिवाय घरी येता येत नाही, अशी त्यांना घातलेली अट. एकेका दाण्याचे किती दाणे झालेत इथे. कधी वेचून होणार त्यांचं? ओटीत घेऊन बसल्या असतील बिचाऱ्या, आणि समोर आणखी फुलतंय. आपण त्यांना डाव्या हाताने, तोंड फिरवून, हे दिलं.

आणि पुढची मूठ कुणाची, हेही तिला दिसलं. पाटलाच्या घरची बाळंतीण असेल तर मोहरी कुणाच्या घरची घ्यायची, याची रीत सासूने सांगितली नव्हती.

ती वाकली आणि मुळासकट उपटू लागली.

ओसरीवर साहेबांचे कागद बांधून होत होते. रेवाबाई पुढच्या दाराने आली. डोक्यावर पदर, कवेत दवाने भिजलेली मोहरी, मुळांना माती. तिला पाहून बसलेले पुरुष उभे राहिले आणि उखा दोन हात मागे सरकला. मोहरी कुठली, हे तिथे साहेबांखेरीज प्रत्येकाला कळलं होतं. तिने ती सगळी नवऱ्याच्या पुढ्यात टाकली. परपुरुषाशी बोलायची रीत नव्हती, म्हणून साहेबांकडे पाठ करून ती नवऱ्याशी बोलली, पण साहेबांना ऐकू जाईल असं.

"सायेबले सांगा, हाई पाखरसनी नई पेरी. हाई मी पेरी."

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"काही नई, सायेब," पाटील घाईने म्हणाला. "तिन्ही आंडेर, द्वारका, दोन जीवनी शे, तिनं डोकं ठिकाणवर नई..."

रेवाबाईने ढिगातलं एक रोप उचललं आणि ओट्यावर वेगळं ठेवलं. "हाई गजरा. सुतारनी सून. पोर पोटमाच ऱ्हायनं."

नाव घेतलं होतं. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

दुसरं रोप. "हाई तीजा. सुमेरमलशेठनी थोरली सून. रगत थांबनंच नई." तिसरं. "हाई रमिला. तुन्ही बहीण, उखा." उखाने उपरण्याचं टोक तोंडात धरलं.

"बस कर," पाटील म्हणाला.

"करसू. तुम्हनं नाव भिला कसं पडनं, तेवढं सायेबले सांगा. मंग बस करसू."

आता साहेब पाटलाकडे बघत होते. पाटलाचा चेहरा आधी लाल होता, तो हळूहळू राखेसारखा झाला. बोलला तेव्हा असं बोलला, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतोय.

"मन्हा पहिले मन्ही मायले पोरं व्हयनात, सायेब. एक बी टिकनं नई. मी व्हयनू तवय तिनी माले मोतीबाईनी मायना ओटामा टाकं. भिलीणले दी टाकं. मंग पसाभर ज्वारी दीसन तिनापून इकत लिधं. भिलनं पोर शे म्हनीसन मरन पुढे जाई, असं. म्हनीसन भिला. मन्हा पहिलेना कोठेच लिखेल नईत. मन्हा बी दोन पोऱ्या कोठेच लिखेल नईत."

"माले बी वाचाडाकरता उकिरडावर लोळायेल शे, सायेब," उखा कोपऱ्यातून म्हणाला. हसून सांगायला गेला, पण हसू अर्ध्यात राहिलं. "म्हनीसन उखा."

साहेबांच्या हातातली दोरी सुटली. बांधलेले कागद मांडीवर पसरले. "ही नावं," ते म्हणाले, "ही नावं मी प्रत्येक गावात लिहून घेतली आहेत. भिला, उखा. देवी टोचलेल्यांच्या यादीत. प्रत्येक गावात." आणि ओट्यावरच्या पिवळ्या ढिगाकडे ते असे बघत राहिले, जणू तो आत्ताच तिथे उगवलाय.

पाटलाने खुणेने वही मागितली. उघडून साहेबांपुढे सरकवली. "लिखा सायेब. मी सांगस."

सुमेरमल पुढे झाला. मारवाडातून येऊन दोन पिढ्या झाल्या तरी घाबरला की तो घरच्या बोलीत बोले. "पाटीलजी, म्हारे घर रो नाम मत लिखो. छोटी री सगाई बाकी है." धाकट्या मुलीचं लग्न ठरायचं होतं, त्यात हे नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते चूक नव्हतं.

समोरच्या दुकानाच्या दारातून त्याची बायको सोहनबाई बोलली. तोंडावर घुंगट, पण आवाज स्पष्ट. "लिखवा दो. छोटी रे भी टाबर होसी." धाकटीलाही उद्या मुलं व्हायचीच आहेत.

सुमेरमल मागे सरला. साहेबांनी दौत उघडली.

नर्स शहाद्याला येऊन बसली होती, गाव ठरायची वाट पाहत. ती छकड्यातून रांझणखेड्याला आली तेव्हा द्वारकेला कळा लागायच्या होत्या. नर्सबाईने मोतीबाईला बाहेर काढलं नाही, हे तिचं शहाणपण. आडवं मूल मोतीबाईने पोटावरून फिरवलं, बाकीचं नर्सबाईने सांभाळलं. मध्येच द्वारकेचे डोळे फिरले, अंग ताठ झालं, झटके येऊ लागले. दारात बसलेल्या रेवाबाईने कणगीच्या आडच्या मडक्याकडे बघायचं नाही म्हणून देव्हाऱ्यावर नजर लावली होती. कानबाईला काय बोलली ते तिचं तिलाच ठाऊक. औषधाने झटके ओसरले. मुलगी झाली. इवलीशी, निळसर. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती गेली.

द्वारका वाचली.

पाटलाने पोरीला स्वतः पुरलं. आला, हातपाय धुतले, वही काढली. नावाच्या रकान्यावर त्याचा बोरू थांबला. रेवाबाई शेजारी उभी होती. "बिननावनी लिखा," ती म्हणाली. आणि त्याने लिहिलं: भिला पाटलाच्या मुलीची मुलगी, नाव ठेवलेलं नाही. जन्माच्या पानावर एकदा, मृत्यूच्या पानावर एकदा. रेवाबाईला वाचता येत नव्हतं. तिने त्या ओळींवर बोट ठेवून पाहिलं. शाई ओली होती, बोटाला लागली. ती तिने पुसली नाही.

फेटा आला नाही. आला तो वरून ठपका, की इतकी वर्षं पाटलाने नोंदी बरोबर ठेवल्या नाहीत. पाटीलकी राहिली, साहेबांनी शब्द टाकला म्हणून. नर्सबाई मात्र सुताराच्या रिकाम्या खोलीत राहिली आणि टिकली.

बायका पुढेही गेल्या. कमी गेल्या, पण गेल्या. उखा मागच्या दाराशी येऊन झोळी पसरी. रेवाबाईने मडकं काढून टाकलं नव्हतं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला मोहरी नाकारायची तिची छाती नव्हती, आणि तिचा स्वतःचाही त्यावरचा विश्वास गेला नव्हता. बदललं ते इतकंच की ती आता तोंड फिरवीत नसे. उखाकडे बघून विचारी, "कोन?" उखा नाव सांगे. "जाय, पहिले पाटीलनी वहीमा नाव लिखाडी ये. मंग मोहरी." मूल गेलं असेल तर तेही, नाव असो नसो. नोंद झाल्याशिवाय रेवाबाई फडकं सोडत नसे, आणि मोहरी टाकल्याशिवाय गावाला झोप लागत नसे. म्हणून रांझणखेड्याची वही खरी होत गेली.

खरी झाली आणि गावाचं नाव खराब झालं. आजूबाजूच्या गावांच्या वह्या होत्या तशाच कोऱ्या. सगळ्या टापूत बाळंतिणी मरतात त्या एका रांझणखेड्यात, असं कागदावर दिसू लागलं. मुली द्यायला लोक बिचकू लागले. सुमेरमलच्या धाकटीचं लग्न लांबलं. सोहनबाईने त्यावरून पाटलिणीला एक शब्द लावला नाही.

दोन-तीन वर्षांनी सारंगखेड्याच्या यात्रेत रेवाबाई दत्ताचं दर्शन घेऊन घोड्यांच्या बाजाराच्या कडेला गोधडी टाकून बसली होती. पलीकडच्या गावची एक पाटलीण प्रसादाचा नारळ घेऊन आली. तिच्या गावाला त्या साली मानाचा फेटा मिळाला होता. उभ्या उभ्याच म्हणाली, "कसं वं रेवाबाई, तुम्हना गावमा पोर देवानी म्हणजे छातीच पाहिजे. पानं भरी ऱ्हायनात म्हने वहीना."

"भरी ऱ्हायनात," रेवाबाई म्हणाली. "न्‌ तुम्हना गावमा?"

"आम्हना गावमा एक बी नई. कोरा शे रकाना."

रेवाबाईने तिच्याकडे वर पाहिलं. रागाने नाही. आरशात बघावं तसं ती त्या बाईकडे बघत होती.

"तुम्हना घरमा मोहरीना मडका कितला शेत?"

ती बाई हसायला गेली. मग तिचं लक्ष आपल्या डाव्या हाताकडे गेलं. त्यात नारळ होता, तो तिने उजव्या हातात घेतला. बाजारात कुणाचातरी घोडा खिंकाळला, माणसं ओरडत बाजूला झाली. तिला ते काही ऐकू गेलं नसावं.

"दोन," ती म्हणाली.

रेवाबाईने गोधडीवर सरकून तिला जागा केली.